साक्षीदाराच्या घरचा चहा

त्या रविवारची सकाळ अजून माझा पिच्छा सोडत नाही. यॉर्कशायरमधल्या एका शहरात, गे आणि लेस्बियन मंडळी शनिवारी नाचायला जमत अशा एका क्लबात आदल्या रात्री गोळीबार झाला होता. चार जण गेले. मी पोहोचलो तेव्हा क्लोकरूममध्ये शंभरेक कोट तसेच टांगलेले होते, आणि कुठला कोट कुणाचा याची यादी करायचं काम माझ्या टीमकडे आलं. एक आई पोलीस स्टेशनात येऊन मुलाचा कोट ओळखून गेली, आणि तिला पुढचं सांगायचं कामही माझ्याकडेच होतं. शहराचं किंवा कुणाचंही नाव मी लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल.

मी साताऱ्याहून इथे शिकायला आलो आणि इथल्याच पोलिसात शिरलो. त्या वेळी डिटेक्टिव्ह सार्जंट होतो, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. गोळ्या झाडणारा जागेवरच सापडला होता. पण या देशात बंदूक काही बाजारात मिळत नाही. ती त्याला कुणी दिली आणि त्याला तिथवर कुणी आणून सोडलं, हा खरा प्रश्न होता. तो मात्र दोन दिवस ‘नो कॉमेंट’ यापलीकडे ब्र काढत नव्हता.

शहर हादरलं होतं. टाउन हॉलच्या पायऱ्यांवर फुलं आणि मेणबत्त्या ठेवायला जागा उरली नाही. एक म्हातारे गृहस्थ तिथे रोज फोल्डिंगची खुर्ची घेऊन बसायचे, कुणी विचारलं तर म्हणायचे, “आमच्या तरुणपणी असं उघड रडताही येत नव्हतं.” याच आठवड्यात आमच्या महाराष्ट्र मंडळाची दिवाळी कार्यक्रमाची बैठक होती. सुरुवातीला दोन मिनिटं शांतता पाळावी, असं एका बाईंनी सुचवलं.

“वाईटच झालं हो,” कमिटीतले एक ज्येष्ठ म्हणाले, “पण तिथे जायचंच कशाला?”

“आणि मुलांनी विचारलं तर त्यांना काय सांगायचं?” दुसरे म्हणाले.

शेवटी क्लबचा उल्लेख न करता ‘शहरातील दिवंगतांना’ श्रद्धांजली वाहायचं ठरलं. त्या चार जणांपैकी दोघांचे चेहरे मी पाहिले होते. तरी मी तोंड उघडलं नाही, याची आज लाज वाटते. निघताना कुणीतरी विचारलं, “साहेब, ती केस तुमच्याकडेच ना?” मी हो म्हणालो. जरा ऐटीतच म्हणालो असेन.

बुधवारी आमच्या इन्सिडंट रूममध्ये, म्हणजे या तपासासाठी उघडलेल्या खोलीत, फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. क्लबच्या मागच्या गल्लीत एक पांढरी व्हॅन थांबली होती, आणि तिच्या ड्रायव्हरने खाली उतरून गोळ्या झाडणाऱ्याच्या हातात लांब बॅग दिली, एवढं सांगून त्याने फोन ठेवला. त्या गल्लीत कॅमेरा नव्हता. पुढच्या रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांत व्हॅन सापडली, तिचा मालकही सापडला, पण तो गल्लीत नेमकं काय करत होता हे सांगणारा एकच माणूस होता. फोनच्या नंबरावरून त्याचा पत्ता निघाला. नागपूरचा मुलगा, वय एकोणतीस, इथे वर्क व्हिसावर सॉफ्टवेअरच्या नोकरीत. माझ्या साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. “हा तुझ्याशी बोलेल,” ते म्हणाले.

अशा साक्षीदाराला गाठायची साधी पद्धत आहे. आधी फोन करायचा, त्याला सोयीची जागा विचारायची, घरी जायचं नाही. मला ती पाठ होती. पण मी म्हटलं, आपलाच मुलगा आहे, फोनवर पोलिसाचा आवाज ऐकून बिचकेल. त्यापेक्षा युनिफॉर्म नको, पोलिसांची गाडी नको, मंडळातला काका म्हणून सहज डोकावावं. शनिवारी सकाळी पेढ्यांचा डबा घेऊन मी त्याच्या दारात उभा राहिलो. केवढा हुशार समजत होतो मी स्वतःला!

दार त्याच्या आईने उघडलं. आईवडील तीन महिन्यांसाठी आले होते, मंडळाच्या कार्यक्रमांत दोन-तीनदा दिसलेही होते. “या ना, या!” म्हणत त्यांनी मला बसवलं आणि चहा टाकायला आत गेल्या. मुलगा बाहेर आला. त्याच्या उजव्या हाताला बँडेज होतं. मला पाहताच त्याचा चेहरा उतरला, आणि तेव्हाच काहीतरी निमित्त काढून मी उठायला हवं होतं.

“काचेचा ग्लास फुटला धुताना,” वडील त्याच्या हाताकडे बघत कौतुकाने म्हणाले. “कामाची सवय नाही हो यांना!”

चहा आला. नको म्हणणं आपल्याकडे जमत नाही. कप हातात असताना आईंनी अगदी सहज विचारलं, “तुमच्याकडे ती क्लबची केस आहे म्हणे? फारच दगदग होत असेल.”

मी हो म्हणालो. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाच्या बँडेजकडे. गेल्या शनिवारी उशिरा आलेला मुलगा, हातात शिरलेली काच आणि आज दारात आलेला पोलीस, ही बेरीज त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत केली. आयुष्यभर पोस्टात हिशेबनीस असलेला माणूस, त्यांना वेळ लागला नाही. मुलगा जमिनीकडे बघत होता. आई मात्र अजून मला आणखी एक बिस्कीट घ्या म्हणत होत्या.

तो दुसऱ्या दिवशी आपणहून स्टेशनला आला आणि तीन तास स्टेटमेंट दिलं. इतका काटेकोर साक्षीदार मी नोकरीत क्वचितच पाहिला. सिगरेट ओढायला तो मागच्या दाराशी उभा होता. ड्रायव्हर उतरला, बॅग दिली, आणि जाण्यापूर्वी त्याने त्या माणसाच्या जॅकेटची कॉलर नीट केली, असं त्याने सांगितलं. पुढे आत गोळ्या सुरू झाल्यावर पळून न जाता तो फुटलेल्या खिडकीतून दोघींना बाहेर ओढत होता, हाताला काच तिथे लागली होती. हे त्याने विचारल्यावरच सांगितलं.

ड्रायव्हरची चौकशी मी केली. शेजारी त्याचा सॉलिसिटर, टेप चालू. मित्राला पबमध्ये सोडलं, गाडीतून उतरलोच नाही, हेच तो चाळीस मिनिटं घोकत होता. मी त्याला बोलू दिलं. मग म्हणालो, “तू उतरलास. जाताना त्याची कॉलर सरळ केलीस.”

तो एकदम थांबला. “कोणी पाहिलं?” त्याने विचारलं.

निर्दोष माणूस म्हणतो, असं काही झालंच नाही. कोणी पाहिलं, हे फक्त ज्याने केलंय तोच विचारतो. सॉलिसिटरने पेन खाली ठेवलं. त्यानंतर तासाभरात ड्रायव्हरने बंदूक कुठून आणली आणि कुठल्या शेडमध्ये ठेवली होती ते सांगितलं. पुढे कोर्टात मात्र त्याने सगळं नाकारलं आणि खटला उभा राहिला.

कोर्टाने त्या मुलाचं नाव गुप्त ठेवायचा आदेश दिला. त्याने पडद्याआडून साक्ष दिली, त्याचा आवाजही यंत्राने बदलून ऐकवला. पत्रकारांना, आरोपीला, गॅलरीतल्या लोकांना तो कोण ते कळू नये म्हणून केवढी व्यवस्था केली होती! आणि ज्या दोन माणसांपासून त्याला ते जपायचं होतं, त्यांच्या सोफ्यावर बसून मी चहा पिऊन आलो होतो. वडील दिवाळीच्या आधीच नागपूरला निघून गेले होते. आई जाताना रडल्या, पण थांबल्या नाहीत. मंडळात कुजबुज झाली, मग त्याने तिथेही येणं सोडलं.

गोळ्या झाडणारा आणि ड्रायव्हर, दोघांनाही जन्मठेप झाली. त्या दिवशी कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये मी त्याला गाठलं आणि माझी चूक झाली म्हणून माफी मागितली.

“तुम्ही फक्त कॉल करायचा होता, काका,” तो शांतपणे म्हणाला. “मी आलो असतो. पहिला फोन तर मीच केला होता ना?”

मी म्हणालो, “आईबाबांना कधी ना कधी समजलंच असतं रे.” काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

“समजलं नसतं. मी सांगणार होतो,” तो म्हणाला. “लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, बाबा निवांत असतात तेव्हा. वर्षभर प्रॅक्टिस केली होती मी, आरशासमोर. पहिलं वाक्यसुद्धा ठरलं होतं.”

ते वाक्य कोणतं, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. त्या केसबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं, ते मी भिंतीवर लावलेलं नाही. नव्या पोरांना शिकवायला बोलावतात तेव्हा मी चौकशीची तंत्रं फार सांगत नाही. एवढंच सांगतो, की साक्षीदाराकडून आपल्याला फक्त त्याने पाहिलेलं मागायचा अधिकार आहे. मी त्याच्याकडून त्याहून जास्त घेतलं, आणि ते परत करायची कुठलीच प्रोसीजर नाही.