सुरतेच्या सुरीमामी

कोणाच्याही घरी गेल्यावर माणूस आधी पाणी मागतो. आमच्या सुरीमामी सुरी मागत. दारात चपला काढल्या, पदर खोचला, की सरळ स्वयंपाकघरात. "तुमची सुरी कुठं शे? दाखवा बरं." मग अंगठ्याचं नख धारेवर हलकेच टेकवायच्या आणि घरच्या बाईकडे डॉक्टरसारखं बघायच्या. मी लग्न होऊन सुरतेला डिंडोलीत आले त्याच आठवड्यात त्या वरच्या मजल्यावरून आमच्याकडे उतरल्या. माझ्या माहेरून आलेली नवी कोरी सुरी त्यांनी हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाल्या, "पोरी, ह्या सुरीनं फक्त वाढदिवस करता येईल." नव्या सुनेनं सासूसमोर हसू नये म्हणून मी ओठ चावले. सासूबाईंना मात्र ओठ चावायचं सुचलंच नाही, त्या फिसकन हसल्या. त्या घरात मी पहिल्यांदा मोकळी हसले ती त्या दिवशी.

मामी मूळच्या शिरपूरकडच्या. मामा लूमच्या कारखान्यात होते, आता घरी बसून पेपर वाचत. जन्मभर मामींनी स्वतः विळीशिवाय कशानंही भाजी चिरली नव्हती; दुसऱ्यांच्या सुऱ्यांची धार पारखायची, एवढाच त्यांचा सुरीशी संबंध. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि डॉक्टरांनी जमिनीवर बसायला मनाई केली. विळी माळ्यावर गेली. ओट्याशी उभं राहून चिरायचं तर सुरी हवी, म्हणून मुलानं फोनवर एक दाखवली. तिच्याखाली लोकांनी कौतुकाचा नुसता पाऊस पाडला होता. मामींनी सगळं वाचलं, विश्वास ठेवला आणि सुरी मागवली. तिनं पहिल्याच टोमॅटोचा रस काढला, साल मात्र तशीच ठेवली.

मामी तो टोमॅटो आणि फोन दोन्ही घेऊन खाली आल्या. "हे वाच," म्हणाल्या. मी वाचू लागले. पार्सल वेळेवर आलं. पॅकिंग छान. रंग फोटोसारखाच. डिलिव्हरीवाला नम्र होता.

"पॅकिंगनी कांदा कापू का मी?" मामी कडाडल्या. "का त्या नम्र पोराले बोलावू कापायले? अरे, सुरी कापते का नाही, ते एकानं तरी सांगा!"

तेव्हापासून त्यांनी स्वतःच लिहायचं ठरवलं. लिहायचं म्हणजे फोनसमोर बोलायचं, फोन ते उमटवायचा. मामी बोलायच्या खानदेशी ठसक्यात आणि फोनला ते झेपायचं नाही. एकदा त्यांनी "महिन्याभरात सुरी बोथट होते" असं सांगितलं आणि फोननं लिहिलं, "महिन्याभरात सुरी बोकड होते." तसंच छापून गेलं. खाली प्रश्नांच्या रकान्यात कुणीतरी विचारलं, "सुरीसोबत बोकड येतो का?" मामी हसून हसून ओट्याला धरून उभ्या राहिल्या. त्यानंतर छापण्याआधी मला एकदा वाचायला लावायच्या.

त्यांचं लिहिणं इतरांसारखं नव्हतं. आधी त्या स्वतःची ओळख द्यायच्या. "माझे हात लहान आहेत, बोटं सुजतात, घरात सहा माणसांचा स्वयंपाक." मी म्हटलं, "मामी, हे कशाला?" तर म्हणाल्या, "मोठ्या पंजाच्या बाप्याले आवडेल ती मले आवडेल का? वाचणाऱ्याले कळू दे ना कोण बोलतंय." मग काय काय चिरलं ते यायचं. पिकलेला टोमॅटो, मेथीची जुडी, लाल भोपळा. धार गेल्यावर दगडावर घासून परत येते की नाही, हेही. शेवटी ही सुरी कुणी घेऊ नये, तेही सांगायच्या. आणि सुरी आलेल्या दिवशी एक अक्षर लिहायच्या नाहीत. "नवी सुरी म्हणजे नवा जावई. सगळं गोडच बोलतो. महिनाभर ऱ्हाऊ दे घरात."

हळूहळू आमच्या बिल्डिंगमधल्या बायका मामींना विचारल्याशिवाय सुरी घेईनाशा झाल्या. मग शेजारच्या गोडादऱ्यापर्यंत नाव गेलं. भाजीवाला मामींना पाहिलं की भोपळा कापायचं आपणहून थांबायचा आणि म्हणायचा, "मासी, तमेज कापो." मामी खरंच कापायच्या आणि त्याच्या सुरीबद्दल त्याला दोन शब्द ऐकवून यायच्या.

पण खरी परीक्षा आली ती आमच्या शेजारच्या दारातून. भारतीबेन आणि मामी म्हणजे गळ्यात गळे. एक गुजरातीत बोलायची, दुसरी अहिराणीत, आणि दोघींचं कधी काही अडलं नाही. भारतीबेनचे यजमान जयेशभाई कतारगामला हिऱ्याला पैलू पाडायचे. काम कमी कमी होत बंद झालं. मग एका मित्राच्या कारखान्यात त्यांनी पाती आणून त्यांना लाकडी मुठी बसवायला आणि त्या सुऱ्या फोनवरून विकायला सुरुवात केली. घरातलं होतं नव्हतं ते त्यात घातलं. पहिली सुरी त्यांनी मामींच्या हातात दिली आणि भारतीबेन हात जोडून, चांगलं लिहायची गळ घालत म्हणाल्या, "मामी, नवो धंधो छे. सारुं सारुं लखजो, हं!"

सुरी दिसायला इतकी देखणी, की मामा पेपर बाजूला ठेवून बघत बसले. पातं तर लाजवाब. मामींनी महिनाभर वापरली, कौतुक करून थकल्या. पण थंडी पडली, उंधियूचे दिवस आले आणि मामींनी जांभळा कंद चिरायला घेतला. कंद सोलला की बुळबुळीत होतो. हात ओले, कंद निसरडा आणि मूठ काचेसारखी गुळगुळीत. सुरी हातातून अशी सटकली, की उडून शेजारी मळून ठेवलेल्या कणकेत जाऊन उभी राहिली. आम्ही दोघी आधी किंचाळलो, मग आपापली बोटं मोजली, मग वेड्यासारख्या हसत सुटलो.

हसणं थांबल्यावर मामी स्टुलावर बसल्या. "हिऱ्याचा कारागीर ना तो," त्या हळूच म्हणाल्या. "त्यानं मूठबी हिऱ्यासारखीच घासली."

"मग काय लिहायचं?"

त्यांनी सुरी कणकेतून उपसली आणि पुसून ठेवली. बिल्डिंगमधल्या बायका एकेक करून सांगून गेल्या, शेजारचा मामला आहे, पाच स्टार द्या आणि मोकळ्या व्हा. मामी दोन दिवस धड जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "कोणी बाई माझं वाचून ही घेईल. तिचं बोट कापलं तर भारतीले काय सांगू, आणि त्या बाईले काय सांगू?" आणि लिहिलं. पातं उत्तम, मूठ ओल्या हातातून सटकते, लहान मुलं असलेल्या घरात घेऊ नका, दोन स्टार. पण छापण्याआधी त्या शेजारी गेल्या आणि भारतीबेनच्या तोंडावर ते सगळं वाचून दाखवलं. भारतीबेन शेवटपर्यंत ऐकत उभ्या राहिल्या. मग आत निघून गेल्या.

मग अबोला. दोघींचे कपडे एकाच गच्चीवर वाळायचे, पण एक चढली की दुसरी उतरायची. मामी उगाच जिन्यात रेंगाळायच्या, दार वाजलं की कान टवकारायच्या. मला वाटलं, संपलं आता.

आणि एका दुपारी जयेशभाईच आले. हातात सुरी, चेहरा पडलेला. "मामी, वीस वर्षं घासायला शिकलो," ते म्हणाले, "आणि तुम्ही मला खडबडीत करायला लावलं. जीव निघाला माझा, पण केलं." मुठीवर बारीक आडव्या खाचा होत्या. मागे दाराआड भारतीबेनचा पदर दिसत होता.

मामींनी काय करावं? हाताला कोपरापर्यंत तेल फासलं! तेलकट हातानं कंद सोलला, चिरला. मग दुसरा. सुरी हलेना. मामींनी ती डोक्यावर उचलली आणि दुखऱ्या गुडघ्यांवर चक्क गरब्याची गिरकी घेतली. आम्ही सगळे जीव मुठीत धरून भिंतीला चिकटलो. मामा टेबलामागे लपले. सुरी लागेल म्हणून भारतीबेन दाराआडून ओरडल्या, "अरे मामी, मूको, मूको! वागी जशे!" महिन्याभरानंतरचं त्यांचं हे पहिलं वाक्य. मामींनी सुरी ठेवली आणि त्याच तेलकट हातांनी त्यांना मिठी मारली. भारतीबेनची साडी वाया गेली.

मामी पुन्हा लिहायला बसल्या. मी म्हटलं, जुनं पुसून टाकू. त्यांनी पुसू दिलं नाही. जुन्याखालीच जोडलं, की कारागिरानं ऐकलं, मूठ बदलली, आता पाच. गंमत म्हणजे लोकांनी त्यावरच भरवसा ठेवला. "खोड सांगितली होती म्हणून घेतली," असं एकीनं लिहिलं. जयेशभाईंनी हाताखाली दोन माणसं घेतली.

पुढच्या वर्षीच्या संक्रांतीला मामींनी हळदीकुंकू केलं आणि वाण म्हणून जयेशभाईंच्या सुऱ्या वाटायला काढल्या. एकच गोंधळ! "सुरी भेट द्यायची नसते! नातं तुटतं!" बायका ताटापासून मागे सरकल्या. मामी म्हणाल्या, "मग विकत घ्या. टाका एकेक रुपया." हसत, ओरडत, पर्समधून रुपया शोधत सगळ्यांनी टाकला. शेवटचं नाणं पडताच मामींनी टाळी वाजवली. "आता तुम्ही पाहुण्या नाही, गिऱ्हाईक! महिनाभर वापरा आणि खरं काय ते लिहा. माझी भीड ठेवू नका." कुंकू लावलेल्या सगळ्या कपाळांवर एकदम आठ्या पडल्या आणि पुढच्या क्षणी अख्खी खोली हसण्यानं दणाणली.

पुढे मुलाची बदली धुळ्याला झाली आणि मामींनी घर आवरलं. उधना स्टेशनवर आम्ही आठ-दहा जणी गेलो होतो. कोणी रडत होतं, कोणी रडू येऊ नये म्हणून सामान मोजत होतं. गाडीनं शिटी दिली तेव्हा भारतीबेननी खिडकीतून थेपल्यांचा डबा आत सरकवला. मामींनी तिथंच झाकण उघडलं, एक तुकडा तोंडात टाकला. गाडी हलली. भारतीबेन खिडकीबरोबर चालू लागल्या, मग पळू लागल्या.

"केवा छे, मामी?"

मामींनी खिडकीच्या गजांना तोंड लावलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंड भरलेलं होतं. तरी अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या, "भारती व! मीठ कमी शे!"

गाडी गेली. भारतीबेन फलाटाच्या टोकाशी कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभ्या होत्या, रडत आणि हसत. आमच्यासाठी त्यांनी पिशवीत चार थेपले वेगळे ठेवले होते. आम्ही ते बाकावर बसून वाटून खाल्ले.

मग भारतीबेननी घास गिळला आणि डोळे पुसले. "साचुं," त्या म्हणाल्या. "कमीच आहे."