टोक निसरडं आहे

सम्रेंगची होडी माझ्या होडीला लागून बांधलेली असते, त्यामुळे त्याचं एक वाक्य मी हंगामभर ऐकतो. "तिथे बसू नका, टोक निसरडं आहे." समुद्र बघायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांच्या भाषेतली त्याला जेमतेम चार वाक्यं येतात, त्यातलं हे सगळ्यात झिजलेलं.

टोक निसरडं वगैरे काही नाही. होडीच्या त्या पुढच्या उंच टोकात मे यानांग राहते, होडीची आई. तिला आम्ही रंगीत कापडं बांधतो, ताज्या फुलांचा हार घालतो आणि मगच इंजिनाला हात लावतो. तिथे पाय ठेवणं म्हणजे आईच्या डोक्यावर पाय ठेवणं. पण पाहुण्यांना फोटो नेमका तिथेच हवा असतो, पाय लोंबकळत सोडून. सुरुवातीला सम्रेंग खरं सांगायचा. कुणी हसायचं, कुणी म्हणायचं, "कुठाय आई, दाखवा की." मग तो खरं सांगायला कंटाळला. त्यांच्यासोबत हसून हसून गाल दुखतात, असं तो एकदा मला म्हणाला, आणि तेही हसतच म्हणाला.

त्याची बायको लमियत धक्क्यावर भात विकते आणि हारही तीच ओवते. तिचा भाऊ समुद्रात बुडून गेला, तेव्हापासून आईला हार चढल्याशिवाय ती नवऱ्याला दोर सोडू देत नाही.

परवा पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा पाहुणा बायकोला घेऊन आला. सम्रेंगनं नेहमीचं वाक्य टाकलं आणि डिझेल आणायला गेला. म्हातारा भला माणूस. उगाच कुणी घसरून पडायला नको म्हणून त्यानं टोकाची कापडं सोडली, हार बाजूला टाकला आणि त्याच कापडांनी टोक खसाखसा पुसलं. मी माझ्या होडीतून उडी मारून पोचेपर्यंत त्यानं ती पिळून पायाखाली अंथरलीसुद्धा होती. सम्रेंग दिसताच त्यानं खुशीत अंगठा दाखवला.

सम्रेंग डबा हातात धरून उभाच राहिला. लमियत भाताची टोपली टाकून धावत आली. माझं तर डोकंच फिरलं होतं.

"हाकल याला," मी म्हणालो.

"त्याला कशाला?" लमियत म्हणाली. "त्याला कुठे माहीत होतं?" मग ती नवऱ्याकडे वळली. "तुला माहीत होतं. इतकी वर्षं आईला निसरडं म्हणत आलास. आज तिच्या कापडावर पाय पडला तो तुझ्यामुळे. त्याला खरं सांग, नाहीतर होडी सुटायची नाही."

"हसेल गं तो."

"हसू दे. मी आहे ना इथे."

सम्रेंगनं सांगितलं. मोडकंतोडकं, एकदा टोकाकडे आणि एकदा स्वतःच्या डोक्याकडे हात नेत. म्हातारा हसला नाही. त्याचे कान लालबुंद झाले. वाकून त्यानं कापडं उचलली, छातीशी धरली आणि विचारलं, "आधी का नाही सांगितलंत?"

सम्रेंगनं मान खाली घालून डिझेलचा डबा होडीत ठेवला.

लमियतनं नवी कापडं काढली, नवा हार ओवला. उदबत्ती लावून सम्रेंग बराच वेळ हात जोडून बसला. म्हाताऱ्यानंही चपला काढून छातीशी हात जोडले. लमियतनं आपले हात कपाळाशी नेऊन दाखवले, तसे त्यानंही नेले. मग होडी सुटली.

आज पोरापोरींचा घोळका होता. "इथे आमची आई राहते," सम्रेंग म्हणाला. दोघं फिदीफिदी हसले. एक पोरगी म्हणाली, "काय?" त्यानं परत सांगितलं, हाताखुणांसकट. तिनं पाय आत घेतले. हसणाऱ्यांनी बऱ्याच वेळानं घेतले, पण घेतले.

दोर सोडताना तो माझ्याकडे बघून म्हणाला, "दमलो रे. निसरडं म्हटलं की एका दमात संपायचं."

"मग म्हण की," मी म्हणालो.

त्यानं धक्क्यावर पाहिलं. लमियत दुपारच्या खेपेचा हार ओवत होती.

"नको," तो म्हणाला, आणि इंजिनाची दोरी ओढली.