मोझेलच्या उतारावरचं बॉक्सवुड

सिडनीत, केलीव्हिलला, आमच्या गल्लीत बऱ्याच घरांपुढे बॉक्सवुडचं कुंपण आहे. बारीक पानांचं, कात्रीने चौकोनी कापलेलं. मीही नर्सरीतून आणून लावलं होतं. शेजारच्या जर्मन बाई एका शनिवारी ते बघत म्हणाल्या, "आमच्याकडे याचं जंगल आहे." मला वाटलं, वय झालंय, काहीतरी गल्लत होतेय.

गल्लत नव्हती. त्या मोझेल नदीच्या खोऱ्यातल्या. तिथल्या खडकाळ उतारावर हे झाड आपोआप उगवतं, माणसापेक्षा उंच होतं. लहानपणी ईस्टरच्या आधी त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ वर चढून फांद्या आणायचे. चर्चमध्ये आशीर्वाद मिळाला की त्या फांद्या घरातल्या क्रूसामागे खोचायच्या. भाऊ अजून त्याच गावात होता. सुरवंटांनी सगळं जंगल खाल्लं, एक पान उरलं नाही, असं त्याने फोनवर सांगितलं होतं. "त्याला कायमच सगळं संपल्यासारखं वाटतं," बाई म्हणाल्या. त्यावरूनच दोघांचं वाजलं होतं. वर्षभर बोलणं बंद.

मी एप्रिलमध्ये ऑफिसच्या कामाला फ्रँकफर्टला जाणार होते.

"रविवार मोकळा असेल तर बघून ये. आणि एक फांदी आण."

"फांदी सिडनी एअरपोर्टवर काढून घेतील. वर दंड."

"मग फोटो आण. जे असेल त्याचे."

रविवारी ट्रेनने गेले. द्राक्षमळे संपले तशी पायवाट चढणीची झाली. खडकांच्या फटींत जांभळी, घंटेसारखी रानफुलं होती, दांड्यांवर पांढरी लव. पुढे बॉक्सवुड सुरू झालं आणि मी थांबलेच. राखाडी, बोडकी खोडं, फांद्यांवर सुरवंटांची जुनी जाळी. काही ठिकाणी सालही खाल्लेली. बाईंना हे काय दाखवू, म्हणून मी एका दगडावर बसून राहिले. बसल्यावर दिसलं, काही खोडांच्या बुंध्याशी बोटभर हिरवे धुमारे होते. सगळ्यांच्या नाही, थोड्यांच्याच.

परत आल्यावर मी फक्त हिरवे फोटो दाखवायचं ठरवलं होतं. पण बाईंनी फोन हातात घेतला आणि स्वतःच पुढे सरकवत मेलेल्या झाडांपर्यंत पोचल्या.

"हे लपवणार होतीस?"

"हो."

"म्हणजे तो खोटं बोलत नव्हता."

त्यांनी माझ्यासमोरच भावाला फोन लावला. जर्मनमधलं मला काही कळलं नाही. त्यांचा आवाज मध्येच चढला, मग हसल्या, मग डोळे पुसले.

"गुडघे दुखतात म्हणून कित्येक वर्षांत तो वर गेलाच नाहीये," फोन ठेवून त्या म्हणाल्या. "खालच्या रस्त्यावरून बघून मला सांगत होता."

मी सगळे फोटो त्याला पाठवले. आता दर रविवारी दोघं बोलतात. तो म्हणतो, सुरवंट पुन्हा येतील आणि धुमारे खातील. त्या म्हणतात, पक्षी आता ते सुरवंट खायला शिकलेत. हे त्यांना कुणी सांगितलं, ते मी विचारलेलं नाही.