मैनेला पाठ असलेली वाट

वाशीम स्टेशनवर उतरले तेव्हा घोड्याबद्दल मला दोनच गोष्टी ठाऊक होत्या: तो पुढून चावतो आणि मागून लाथ मारतो. चिपळूणच्या माणसाला याहून जास्त ठाऊक असायचं काही कारणही नाही. आमच्याकडे घोडा दिसतो तो वरातीत, आणि तोही नवरदेवापेक्षा घाबरलेला. पण आमच्या शेजारची सुनीता, जी चिपळूणला दवाखान्यात नर्स आहे, ती मूळची कारंजा तालुक्यातल्या धनजची. "मावशी, माझी धाकटी बहीण वंदना यंदा जत्रेतल्या शर्यतीत घोडी उतरवणार आहे. बघून तरी या," असा तिने धोशाच लावला होता. निवृत्त शिक्षिकेला सबबी फार दिवस पुरत नाहीत. निघाले.

एसटीने शेलूबाजारला आले. तिथे पोह्यांवर लालभडक तर्री घेण्याचं धाडस केलं आणि जीभ दिवसभरासाठी कामातून गेली. पुढचा प्रवास जीपने. आम्ही मागे आठजणी बसलो होतो, तरी ड्रायव्हर म्हणाला, "सरका ना बाई थोडं, अजून एक जन येऊन राह्यला." मी सरकले. कुठे सरकले ते मलाही कळलं नाही. बाहेर काळी जमीन, शेंगांनी वाकलेल्या तुरी आणि फुटलेला कापूस. डोंगर आडवा नसला की आभाळ इतकं मोठं असतं, हे मी साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा पाहिलं.

धनजला सुनीताचे वडील शेषराव दारातच उभे होते. उंच, कोरडे, उजवा गुडघा आखडलेला. अंगणातल्या कडुलिंबाखाली वंदना घोडीला खरारा (अंग घासायचा लोखंडी ब्रश) करत होती. घोडीचं नाव मैना. तिचा गव्हाळ रंग असा काही चकाकत होता की मी जीभ भाजल्याचंही विसरले. मी दुरूनच हात हलवला. मैनेने ढुंकूनही पाहिलं नाही. जवळ गेले तर दोन्ही डोळे दुधाळ निळे.

"दिसत नाई तिले," शेषराव म्हणाले. "एक डोया पावसायात गेला, दुसरा दिवाईत."

"आणि तरी जत्रेत उतरवणार?"

"पायाले दिसते ना मावशी," वंदना खरारा न थांबवता म्हणाली.

जेवताना सगळं कळलं. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी समोर होती, पण बाप-लेकीचं लक्ष ताटात नव्हतं. शेषरावांनी मैनेला कारंज्याच्या पांजरपोळात द्यायचं ठरवलं होतं. तिथल्या शेठजींनी होकारही दिला होता. "जनावर नुसतं उभं राह्यलं का खचते," ते म्हणाले. "आंधयीले आता काम कोन्तं?" वंदनाने अबोला धरला होता. शेवटी तोड निघाली ती अशी: मैनेने जत्रेतली रेवाल पुरी केली तर ती घरी राहील. नाही केली, तर दुसऱ्या दिवशी गाडी येईल.

रेवाल म्हणजे घोड्याची एक जलद पण स्थिर चाल. शरीर वर-खाली होत नाही, फक्त पुढे जातं. इथली शर्यत त्या चालीची. एकेक घोडा एकटा सुटतो, स्वाराच्या हातात काठोकाठ भरलेला गिलास. घोडा उधळून धावायला लागला की बाद. कुणाची मदत घेतली तरी बाद. जोरात धावलं की हरणारी शर्यत मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली.

पण आंधळी घोडी मैदान ओळखणार कशी? ते मला जत्रेच्या दिवशी पहाटे समजलं. शेषराव वर्षानुवर्षं रोज मैनेवर बसून घरापासून पाणवठ्यापर्यंत जायचे. गुडघा गेल्यापासून वंदना जाते, आणि वाटभर बोलत राहते. मी मागून चालत ऐकत होते. "बाभूळ आली, मैने." घोडी डावीकडे झुकली. "आता वयण." वळणावर चाल मंदावली. "चढ लागला." मान खाली गेली. दिसत काहीच नव्हतं, आणि वाट तिला शब्द न् शब्द पाठ होती. मी पस्तीस वर्षं मुलांकडून पाठांतर करून घेतलं, पण असं पाठांतर कधी पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

त्याच पाण्यापायी मला वाटेतला दगड दिसला नाही. मी सपशेल आडवी झाले. "लागलं काहो?" म्हणत वंदनाने खाली उतरून मला उठवलं. मैना कान टवकारून उभी होती. डोळस बाई पडली आणि आंधळी घोडी उभी, हा हिशेब मी मुकाट्याने गिळला.

वाटेच्या मध्यावर मारुती आहे. "मारुती आला," वंदनाने म्हटलं आणि मैना जागीच थांबली. वंदनाने बसल्या जागेवरून टांगलेली घंटा वाजवली, हात जोडले, तेव्हाच घोडी पुढे निघाली. शेषरावांची ही जुनी सवय, आता तिचीही.

मैदानाची लांबी जवळपास या वाटेइतकीच. वंदनाचा बेत होता घोडीला तिथे हीच वाट ऐकवायची. फक्त शेषरावांनी जत्रेला निघताना बजावलं, "मारुतीचं नाव काढू नको. थांबून जाईन ते."

सकाळी मैदानात बैलजोड्या पळाल्या. घोड्यांची पाळी दुपारी आली. पहिले दोन घोडे टाळ्या ऐकूनच उधळले. तिसऱ्याने शर्यत पुरी केली, पण गिलास कोरडा. मग मैना आली. गर्दीत कुजबूज झाली. "आंधयी हाये म्हन्ते!" शेषराव दोरीपाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्यांच्याकडे नाही.

मैना सुटली. तिचे पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटत होतं. वंदनाचा आवाज स्पष्ट येत होता. "बाभूळ आली, मैने. आता वयण." सपाट रखरखीत मैदानात ना बाभूळ होती ना वळण, आणि ती घोडी त्या न दिसणाऱ्या वाटेवरून अशी चालली होती की गर्दी दोरीकडे सरकली. गिलासातलं पाणी नुसतं थरथरत होतं.

आणि मध्यावर वंदनाच्या तोंडून गेलं, "मारुती आला."

मैना थांबली.

लोक आधी चमकले, मग हसायला लागले. वंदना टाच मारत होती, चुचकारत होती. मैना हलेना. देवाला ओलांडून जायचं तिला कुणी शिकवलंच नव्हतं. मी शेषरावांकडे वळले तर ते जागेवर नव्हते. आखडलेला पाय ओढत ते बैलजोड्यांकडे निघाले होते. एका बैलाच्या गळ्यातली घंटा दोन्ही हातांत धरून त्यांनी ती जिवाच्या आकांताने वाजवली.

मैनेचे कान फिरले. वंदनाने रिकामा हात कपाळाला लावला. घोडी निघाली, तीच चाल, आणि शेवटच्या दोरीपर्यंत एकदाही बिचकली नाही. गिलास जवळजवळ भरलेलाच होता.

बाहेरची मदत घेतली म्हणून पंचांनी तिला बाद केलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलंही नाही. वंदना उतरली आणि मैनेच्या मानेत तोंड खुपसून रडली. "माह्याच तोंडानं घात केला बाबा. रोजच्यानं नाव घेते ना, निघूनच गेलं."

शेषरावांनी तिच्या हातातला गिलास घेतला. ओंजळीत पाणी ओतून मैनेला पाजलं. मग खिशातून फोन काढला.

"शेठजी, गाडी धाडू नका. घोडीले काम हाये." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "कोन्तं म्हन्जे? मले मारुतीले नेयाचं. माह्या पायानं जानं होत नाई."

दुसऱ्या सकाळी शेषराव आखडलेला पाय कसाबसा पलीकडे टाकून मैनेवर बसले. वंदना पुढे चालत वाट सांगत होती. मी माझी जीप चुकवली, मुद्दाम.

परतीच्या गाडीत मी डोळे मिटून माझ्या घरापासून डेअरीपर्यंतचा रस्ता आठवून पाहिला. चाळीस वर्षं रोज चालते. चार खुणांपुढे काही आठवेना. मला माझीच लाज वाटली.

गेल्या आठवड्यात वंदनाचा फोन आला. मैना बरी आहे, बाबा रोज मारुतीला जातात.

"अन् मावशी, वाटेत एक खूण वाढली. तुमी पडल्या होत्या ना, तो दगड. तिथं मैनेची ठेच चुकवाले एक शब्द लागत होता."

"मग काय म्हणतेस?"

"'मावशी आली' म्हन्ते. बरोब्बर डाव्या अंगानं जाते ते."