सुतारीणबाईंची माणसं

आमच्या घरात लाकडाची वस्तू मोडली की चार दिवसांत तिला नाक फुटायचं. लाटण्याला फुटलं, पाटाला फुटलं, ताकाच्या रवीला तर केससुद्धा आले. हे उद्योग माझ्या बायकोचे. येरवड्याच्या आमच्या चाळीत तिला सगळे सुतारीणबाई म्हणायचे. तिचा बाप बैलगाड्या बांधणारा सुतार. लग्न होऊन आली ती पेटीत पटाशी घेऊन. माझी आई पहिले आठ दिवस तिच्याशी फार जपून बोलली.

मी चौथी पास. कलेतलं मला काही कळत नाही. पण तिने कोरलेली तोंडं ओळखू यायची, हीच पंचाईत. रवीत तिने आमचा घरमालक काढला होता. केस उभे, डोळे वटारलेले. तो दारात आला की मी आधी रवी फडक्यात गुंडाळायचो, मग त्याला "या" म्हणायचो.

मोडक्या लाटण्यात तर तिने माझी थोरली बहीण आक्का काढली. तोंड हे एवढं उघडं. आक्काने ते नेमकं पाहिलं. "कोण गं ही भवानी?"

"ओळखा," ही म्हणाली.

"अगं, आमच्या समोरची! अगदी अशीच ओरडते." आक्का ते मागून घरी घेऊन गेली. अजून त्याने लसूण ठेचते.

लसूण ठेचायचाच, कारण सुतारीणबाईंचा नियम होता: वस्तू नुसती बघायला नाही. "एक काम सुटलं तर दुसरं धरायचं. रिकामं बसायला तो काय माझा नवरा आहे?" मी तेव्हा नुकताच कंपनीतून रिटायर झालो होतो.

सगळ्यांची तोंडं झाली, माझं मात्र नाही. मी दोनदा विचारलं, मग रुसलो. "घरमालकाला नाक देतेस, मला नाही?"

"अहो, तुमचं कधीच झालंय. रोज बघता. दिसत नाही त्याला मी काय करू?"

मी कपाटं शोधली, माळा शोधला. काही नाही. थट्टा करते म्हणून सोडून दिलं.

स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटायचं. माझ्या मोडलेल्या खुर्चीच्या पायाचा तिने त्याला ठोकळा केला होता, साधाच, बिननाकाचा. मी तो लाथेने सरकवायचो. ती ओरडायची, "हाताने सरकवा!" मी म्हणायचो, "ठोकळ्यापुढे वाकू?" खंडेनवमीला पटाशी, करवत पुजायची, तेव्हा त्यालाही कुंकू लावायची. मी हसायचो. "तोही कामाचा आहे," म्हणायची.

दवाखान्यात शेवटी शेवटी मी पुन्हा विचारलं. "आता तरी सांग, कुठे ठेवलंयस मला?"

"सांगितलं की काचेच्या कपाटात ठेवाल. राहू दे. करतोय तो काम."

तेराव्याला पाहुणे गेले. दार आपटलं म्हणून सवयीने लाथ घातली. ठोकळा उलटा झाला.

जमिनीकडच्या बाजूला मी होतो. फुगलेले गाल, पुढे आलेला ओठ, कपाळाला तीन आठ्या. रुसलेला. नाक फरशीवर घासून निम्मं गेलेलं, माझ्याच लाथांनी.

आधी तिला एक शिवी हासडली. नेहमीसारखं उलट उत्तर येईल म्हणून थांबलो. मग खालीच बसलो.

परवा आक्का आली होती. म्हणाली, "अरे, पुसून काचेच्या कपाटात ठेव ना. तिची आठवण."

मी खाली वाकलो. गुडघे कुरकुरले, पण ठोकळा हातानेच दाराला लावला. तोंड तेवढं वर केलं.

"नको," म्हटलं. "तो ड्युटीवर आहे."