बंदुकीच्या बाराखालचा शब्द

आमची विल्मा आत्या सव्वीस वर्षं करमणुकीच्या बागेत होड्या पुसत होती. ‘रानटी नदी’ नावाची सफर होती ती. काठावर प्लास्टरचे आदिवासी, म्हणजे आम्ही. डोक्यावर पिसांचे टोप, जे आमच्या खापरपणजोबानंही कधी घातले नाहीत. मागं तंबू, तेही हजार मैलांवरच्या दुसऱ्याच लोकांचे. आणि मधोमध हंडा, गोऱ्या प्रवाशांना उकडायला. आम्ही माणसं खातो, हे आम्हाला त्या बागेनंच कळवलं. उपकारच म्हणायचे.

हंड्याशेजारी प्लास्टरची म्हातारी हात नाचवत ओरडायची. होडीवाला सांगायचा, “ती म्हणतेय, त्या जाड्याला आधी टाका.” लोक पोट धरून हसायचे.

आवाज मात्र खरा होता. आत्याच्या आईचा, माझ्या पेट्रा आजीचा. बाग उघडायच्या आधी तिला बोलावून साहेब म्हणाले होते, “तुमच्या भाषेत काहीतरी भयंकर बोला.” आजीनं ओकच्या झाडाच्या बियांची पेज कशी करायची ते सांगितलं. बिया कुटा, पीठ वाळूवर पसरा, कडूपणा जाईस्तोवर पाणी ओतत राहा, मग शिजवा, आणि उतरवताना मूठभर – ठो! त्या शब्दावर कुणा शूरवीराच्या बंदुकीचा बार. टेपमध्येच भरलेला, त्यामुळे रोज तिथंच उडायचा.

आत्या तीन वर्षांची असताना आजी गेली. आमची भाषा सरकारी बोर्डिंगात छड्या मारमारून काढलेली. एका म्हाताऱ्या मावशीला अर्धीमुर्धी यायची, तिनं टेपचा अर्थ सांगितला. बाराखालचं तिलाही ऐकू आलं नाही. आत्यानं ती नोकरी धरली ती आईचा आवाज रोज ऐकायला मिळावा म्हणून. सकाळी रिकामी होडी फिरवून बघायचे, त्यात ती आम्हा पोरांना बसवायची. जगातली पोरं शाळेत जाऊन भाषा शिकतात, आम्ही नरभक्षकांकडे शिकलो.

मग उघडल्यापासून पासष्टाव्या वर्षी बागेला एकदम साक्षात्कार झाला की यात आमचा अपमान होतोय. सफर बंद. आत्या मला घेऊन प्रेसकॉट नावाच्या साहेबाकडे गेली. त्याचं कामच माफी मागायचं होतं, पगारी.

“विल्मा मॅडम, ही बाग तुमच्या पूर्वजांच्या जमिनीवर उभी आहे, याची आम्हाला नम्र जाणीव आहे.”

“बरं झालं. जमीन राहू दे,” आत्या म्हणाली. “मला मूळ टेप द्या. बार भरायच्या आधीची. आई शेवटी काय घालायची, एवढंच ऐकायचंय. मी सत्तरीला आले आता.”

त्यानं छातीवर हात ठेवला. “त्या टेपा तुमच्या समाजाला दुखावणाऱ्या होत्या. मंगळवारी आम्ही त्या सन्मानपूर्वक जाळल्या. दोन मिनिटं शांतही उभे राहिलो.”

“कुणाला विचारून?”

“सल्लागार समितीला.”

“तीत आमचं कोण आहे?”

“तुमच्यासाठी जागा राखीव ठेवली आहे,” तो म्हणाला आणि त्याचे डोळे खरंच भरून आले.

मला त्याच्या टेबलावरचा पेपरवेट उचलावासा वाटला. आत्यानं माझं मनगट धरलं. गाडीत बसल्यावर म्हणाली, “आमची टिंगल करत होते, तोवर आईला जपून ठेवलं होतं मेल्यांनी. आणि शहाणपण सुचलं तशी जाळली.” मग रडली. मी तिला उभ्या जन्मात पहिल्यांदा रडताना पाहिलं.

रविवारी तिनं पेज केली. नातवंडं भोवती बसली होती. ढवळता ढवळता ती आजीचे शब्द म्हणत होती, आजीच्याच चढउतारात, आणि पोरं मागोमाग म्हणत होती. मूठभरपाशी ती थांबली. पोरांनी सवयीनं एका सुरात “ठो” केलं.

आत्यानं रिकामी मूठ भांड्यावर उघडली आणि पेज खाली उतरवली.