खाली बसायचं नाही

"चाला, जिने चढा, मळ्यात जा, नातवाच्या वरातीत नाचायचं तर नाचा. फक्त खाली बसायचं नाही." जळगावच्या डॉक्टरांनी टाके काढताना हे सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. मी म्हटलं, "मग उरलं काय हो डॉक्टरसाहेब?" त्यांना वाटलं म्हातारी थट्टा करते. तेही हसले.

थट्टा कसली! माझा सगळा जन्म जमिनीवर गेला. धरणगावकडच्या कपाशीवाल्यांच्या घरात जन्मले आणि रावेरकडच्या केळीवाल्यांच्या घरात मला दिली. दोन्हीकडे खुर्ची म्हणजे आलेल्या पाहुण्यासाठी पदराने पुसून पुढे करायची वस्तू. भाकरी थापायची ती खाली बसून, भाजी चिरायची ती खाली बसून, पापड लाटायचे, धान्य निवडायचं, बाळाला न्हाऊ घालायचं, सगळं खाली बसून. भांडायचं तेवढं उभं राहून. गुडघे झिजले यात काही नवल नाही, इतकी वर्षं टिकले कसे हेच नवल. शेवटी शेवटी ओट्यावरून अंगणात उतरायचं म्हटलं तरी भिंत, दार, गड्याचा खांदा, जे हाताला लागेल ते धरायची. मग जळगावच्या मुलाने हट्टच धरला आणि एकाच खेपेला माझे दोन्ही गुडघे बदलून टाकले.

दवाखान्यातून मुलाच्या फ्लॅटवर आले. तिथे सुनेने सगळी तयारी करून ठेवली होती. उंच पलंग, वॉकर, फ्रीजमध्ये बर्फाच्या पिशव्या. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची, दिसायला काडीसारखी, पण हातात काय जोर! गुडघा वाकवायला लागली की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. "आजी, दुखतंय का?" असं वर विचारायची. "नाही गं बाई, गुदगुल्या होतात," मी म्हणायची. सून दाराआड तोंडाला पदर लावून हसायची. मी चिडायची, शिव्या घालायची, एकदा तर पाण्याचं भांडं भिरकावलं. मुलगी दुसऱ्या दिवशी पुन्हा वेळेवर हजर.

खरी शिस्त लावली ती माझ्या धाकट्या बहिणीने. तिला धुळ्याला दिलेली. आमचे भाऊ एकामागून एक गेले, माहेरचं घर भाच्यांनी विकलं. आता माहेर म्हणजे ती मला आणि मी तिला, एवढंच. ऑपरेशनचं कळल्यावर ती पिशवी घेऊन आली आणि चांगली महिनाभर राहिली. मला हाताला धरून गॅलरीत फिरवायची, बर्फ लावायची, आणि मी कुरकुर केली की म्हणायची, "लहानपनी माले मारी मारी शाळामा धाडे ना तू? आते मनी पाळी."

तिचा नवरा, म्हणजे माझे मेहुणे, धुळ्याला एकटे होते. त्यांची तब्येत काही ठीक नव्हती, छातीचं दुखणं जुनंच. पण त्यांनीच तिला पाठवलं होतं. आयुष्यभर कापसाची दलाली केलेला माणूस. रोज सकाळी मला फोन करून विचारायचे, "अक्का, आज भाव काय निघाला?" म्हणजे गुडघा किती वाकला. मी सांगायची, ऐंशी अंश. ते म्हणायचे, "विकू नका, थांबा, अजून चढेल." नव्वद झाला त्या दिवशी त्यांनी माझ्या मुलाला पेढे आणायला सांगितले. मेहुणा असा मिळायला नशीब लागतं. मी त्यांना तोंडावर कधी म्हटलं नाही, उलट दलाल दलाल म्हणून चिडवलंच.

बहीण परत गेली. माझा वॉकर सुटला, काठी आली. मी जिना उतरून खाली सोसायटीच्या फाटकापर्यंत जायला लागले. आणि एके दिवशी सकाळी धुळ्याहून फोन आला की मेहुणे गेले. चहा मागितला होता, कप हातात यायच्या आत मान टाकली. त्रास काही झाला नाही, माणूस सुखात गेला, असं सगळे म्हणाले. मी मोठ्याने रडले. सून पाठीवरून हात फिरवत राहिली.

मुलगा तसाच निघाला. मी उठले तर म्हणाला, "आई, आज तिथे गर्दी असेल, धक्काबुक्की होईल. तू नंतर ये." मी ऐकलं. अंत्यविधी करून तो संध्याकाळी परत आला. मग दोन दिवस तो आज नेतो, उद्या नेतो करत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी परगावाहून आलेल्या तिच्या मुलाचा, माझ्या भाच्याचा फोन. "मावशी, आई कोपऱ्यात बसलीय. रडत नाही, जेवत नाही. कुणी बाई आत आली की एवढंच विचारते, अक्का आली का."

आता जायचंच. पण जाऊन करू काय, हा घोर लागला. आमच्याकडे दारावर जायची, म्हणजे मयताच्या घरी भेटायला जायची, एक रीत असते. घरची बाई भिंतीशी सतरंजीवर बसलेली असते, तिची जागा ती सोडत नाही. येणारी बाई तिच्याजवळ खाली बसते, गळ्यात पडते आणि दोघी मोकळ्या होतात. माहेरची बाई असली तर ती तिला टेकूनच बसते, उठत नाही. गळ्यात पडायचं तर खाली बसायलाच हवं. मी काय खुर्चीत बसून वरून तिच्या डोक्यावर हात ठेवू? सांत्वनाला आलेल्या पुढाऱ्यासारखी? तिचं माहेर म्हणून मी एकटी उरलेली, आणि मी असं वर टांगल्यासारखं बसायचं!

सून भाजी आणायला खाली गेली. मी मनाशी म्हटलं, बघू या तर खरं. पलंगाची कड धरली, पाय फाकवले, आणि हळूहळू खाली जायला लागले. अर्ध्यावर गेले आणि गुडघे म्हणाले, बस्स. खाली जाईनात, वरही येईनात. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. गुडघ्याचंही येत नाही. तशीच कड धरून लटकत राहिले. शेवटी पोटावर पलंगावर पडले आणि गादीत तोंड खुपसून रडले, रागाने. सून आली तेव्हा मी तशीच होते. तिने मला सरळ केलं, पाणी दिलं. मुलाला फोन लावून म्हणाली, "गाडी काढा, आईंना धुळ्याला न्यायचंय." ही सून मला मिळाली हेही नशीबच म्हणायचं, पण हे लिहिलेलं तिला वाचून दाखवू नका, डोक्यावर बसेल.

जळगाव ते धुळे रस्ता काही फार नाही, पण पाय लांब करून बसायचं म्हणजे मागची अख्खी सीट मलाच लागली, सून पुढे मुलाशेजारी बसली. पारोळ्याला उतरून चार पावलं चालले. मुलगा चहाचा कप हातात देऊन म्हणाला, "आई, तिथे खुर्चीवर बसायचं हं. उगीच नाटक करायचं नाही." मी म्हटलं, "बरं." मनात म्हटलं, बघू.

मेहुण्यांच्या दारात मांडव होता. बाहेर बाप्ये ओळीने प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते, चांगले तरणेताठे. आत सगळ्या बाया जमिनीवर, त्यात निम्म्या साठीपुढच्या. बाप्यांचे गुडघे जन्मापासूनच नाजूक असावेत. मी काठी टेकत आत गेले. बायकांनी वाट दिली. बहीण भिंतीला टेकून, गुडघे उभे धरून बसली होती. एवढीशी दिसत होती. तिने वर बघितलं, पण तोंडातून शब्द नाही, डोळ्यांत पाणी नाही.

भाचा बाहेरून एक लाल खुर्ची घेऊन धावत आला. "मावशी, बसा."

"मला नको खुर्ची," मी म्हटलं.

"मावशी, डॉक्टरांनी..."

"नको म्हटलं ना!" माझा आवाज चढला. मयताच्या घरात आवाज चढवायचा नसतो हे मला कळतं, पण माझ्या जिभेला कळत नाही. काठी सुनेकडे दिली, भिंतीला पाठ लावली आणि बहिणीच्या शेजारी सरकत सरकत खाली जायला लागले. दारातून मुलगा ओरडला, "आई!" सून एका हाताने माझं कोपर धरून होती. मी अर्ध्यावर येऊन अडकले, सकाळी अडकले तशीच. सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. लाजेने आणि रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा बहिणीच्या तोंडातून शब्द निघाला. "अक्का! खाले बठू नको. हुबी ऱ्हाय."

सुनेने मला वर ओढलं. आणि बहीण उठायला लागली. जागा सोडायची नसते, तरी ती उठायला लागली. आधी दोन्ही हात जमिनीवर, मग एक गुडघा, मग भिंत, मग दात आवळून उभी. हे उठणं मला ठाऊक होतं. ऑपरेशनच्या आधी मी अशीच उठायची. ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, माझ्या मनात ती अजून झोक्यावर उभी राहून झोके घेणारी पोर होती.

"माले बी एक खुर्ची आन रे भाऊ," ती आपल्या मुलाला म्हणाली.

भाचा गोंधळला. तिची चुलत सासू, नव्वदीला टेकलेली, कोपऱ्यातून म्हणाली, "सुतकमा खुर्चीवर बठतस का कोनी? लोक काय म्हनतीन?"

बहिणीने तिच्याकडे वळूनही बघितलं नाही. "मना बी गुडघा दुखतस," ती म्हणाली. "तीन दिन व्हयनात खाले बठेल शे. कोनी इचारं नही."

भाच्याने दुसरी खुर्ची आणली, माझ्या खुर्चीला लावून ठेवली. आम्ही दोघी बसलो, भिंतीला पाठ लावून, खांद्याला खांदा. मधे खुर्च्यांचे दोन हात येत होते. मी माझी खुर्ची थोडी तिरपी करून घेतली आणि तिच्या पाठीवरून हात टाकला. ती अजून समोर बघत होती, कोरड्या डोळ्यांनी. नवरा गेला त्याबद्दल तिला काय बोलावं ते मला सुचेना. इतकी वर्षं तोंडाचा पट्टा चालवला, आणि आज एक वाक्य येईना. महिनाभर तिने माझा गुडघा मांडीवर घेतला होता, आणि तिचा कसा आहे हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

"कोनता दुखस वं माय?" मी विचारलं. "डावा का उजवा?"

"दोन्ही," ती म्हणाली, आणि माझ्या गळ्यात पडून रडायला लागली.